मुकादमाची वही

आमच्याकडे कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला किंवा रोजगार मेळाव्याला पाहुणा आला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं. 'नोकऱ्या भरपूर आहेत, नोकरीलायक मुलं मिळत नाहीत.' पाहुणा पुढारी असो, कारखानदार असो की अधिकारी, वाक्य तेच. पुढच्या रांगेतले प्राध्यापक माना डोलावतात. मागे बसलेली पोरं मोबाइलवर भरतीची जाहिरात आली का ते बघत असतात.

माझं म्हणणं असं की हे वाक्य चूक आहे, आणि निदान बीड जिल्ह्यापुरतं तर ते उलटं आहे. पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. नाहीतर ती नुसती चिडचिड होते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणात २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं उद्दिष्ट होतं. २०१४ मध्ये कौशल्य विकासाचं स्वतंत्र मंत्रालय झालं, १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. सरकारं बदलली, विचार तोच राहिला. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनं एक आकडा उचलून धरला: तरुणांपैकी ५१.२५ टक्केच नोकरीलायक आहेत. म्हणजे दोघांतला एक कॉलेजातून बाहेर पडतो तो रिकाम्या हातानं. कारखानदार म्हणतो, पदवीधराला मायक्रोमीटर धरता येत नाही. बँकवाला म्हणतो, अर्ज धड लिहिता येत नाही. यात खोटं काही नाही. आमच्या कॉलेजांत वर्ग कसे भरतात आणि प्रात्यक्षिकं कशी 'पूर्ण' होतात हे मी आयुष्यभर बघितलं आहे. शिक्षण सुधारायला हवं याबद्दल माझा कुणाशी वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. मुलं कच्ची आहेत, यावरून 'म्हणून काम नाही' असं कसं निघतं? या 'म्हणून'वर देशाचं रोजगार धोरण पंधरा-सोळा वर्षं उभं आहे, आणि त्या 'म्हणून'ला पुरावा फार थोडा आहे.

बाजारातला साधा नियम घ्या. कांदा कमी आला की भाव चढतो. कुशल माणसाचा तुटवडा असेल तर कुशल माणसाचा पगार चढायला हवा. झालं काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०१२ ते २०२२ या काळात नियमित पगारदारांची खरी कमाई, म्हणजे महागाई वजा जाता उरलेली, वर्षाला सुमारे एक टक्क्यानं घटली. माल मिळत नाही अशी ओरड आणि मालाचा भाव उतरता, असं कोणत्या मोंढ्यात घडतं? अपवाद आहेत. चांगल्या पोकलेन ऑपरेटरला आजही मागणी आहे आणि त्याचा भावही चढा आहे. तिथं तुटवडा खरा, म्हणून तिथं तो पगारात दिसतो. बाकी ठिकाणी तुटवडा भाषणात दिसतो.

आता घरचं उदाहरण. परळीचं औष्णिक वीज केंद्र हा या जिल्ह्यातला एकमेव मोठा उद्योग म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते बंद करावं लागलं. तिथल्या फिटर, वेल्डर, बॉयलरवरच्या माणसांचं कौशल्य त्या महिन्यात संपलं होतं का? संपलं होतं ते केंद्राला पाणी पुरवणाऱ्या, गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यातलं पाणी. केंद्राच्या भरवशावर चालणारे ठेकेदार, राख उचलणारे, चहावाले, खोल्या भाड्यानं देणारे सगळे एका उन्हाळ्यात बसले. त्यांना तीन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन गोदावरीत पाणी आलं असतं का? प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण आपण राज्यभर हाच इलाज करतो आहोत.

आपल्या राज्याला हे पूर्वी कळत होतं, ही गोष्ट मला जास्त खुपते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो कल्पनेबाहेर वाढला, पुढे त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसाला 'तू अकुशल आहेस म्हणून तुला काम नाही' असं कुणी म्हटलं नाही. काम नाही म्हणून काम नाही, एवढं शहाणपण तेव्हाच्या मंत्रालयात होतं. रोजगार हमीनं टिकाऊ नोकरी दिली नाही, तो तिचा दावाही नव्हता. पण दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

'कौशल्य' हा शब्द कुणासाठी वापरतात तेही पाहू. ऊसतोड कामगाराला सरकारी भाषेत अकुशल म्हणतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस बुडख्याशी, मातीला टेकवून तोडावा लागतो, कारण साखर बुडाशी जास्त असते. वर धसकट राहिलं तर कारखान्याचं नुकसान आणि शेतकऱ्याच्या खोडव्याचंही. शेंड्याचं वाढं नेमकं कुठे छाटायचं, पाचट किती झपाट्यानं काढायचं, मोळी किती किलोची बांधली की बाईच्या डोक्यावर ती फळीवरून ट्रकमध्ये चढते, हे सगळं हाताला ठाऊक असतं. शिकाऊ माणसानं पहिल्या दिवशी कोयता घेतला तर संध्याकाळपर्यंत त्याचा तळहात सोलून निघतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला २७३ रुपयांचा ३६६ झाला. तो वाढला संप आणि वाटाघाटीमुळे, कुणाच्या प्रमाणपत्रामुळे नाही. कौशल्य योजनेत 'आधीच्या कौशल्याला मान्यता' म्हणून एक प्रकार आहे, त्यात येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र मिळतं. उद्या कोयत्याचं प्रमाणपत्र काढलं तर टनाला ३६६ चे ३६७ होतील असं मला वाटत नाही.

दुसरा आरोप आळसाचा. 'पोरांना काम नको, सरकारी नोकरी हवी.' पहाटे पाच वाजता बीड-परळी रस्त्यावर उभं राहा. भरतीच्या धावण्याचा सराव करणारी पोरं-पोरी अंधारात पळताना दिसतील. त्यातली काही दिवसा कापूस वेचून रात्री अभ्यासिकेत बसतात. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, तेही खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क भरून. याला आळस कसं म्हणायचं? ज्या जिल्ह्यात टिकणारं काम म्हणजे सरकारी काम, दुसरं जवळजवळ नाहीच, तिथं त्या कामामागे वय घालवणारा मुलगा वेडा नसतो. त्यानं 'काम' आणि 'टिकणारं काम' यांतला फरक ओळखलेला असतो. धोरणाला तो अजून ओळखता आलेला नाही.

आकडेवारीतही हा फरक बुडतो. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ चा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे, पंधरा ते एकोणतीस वयोगटाचा १०.२. पण त्या व्याख्येत ऊस तोडणारा रोजगारात, आणि पदवी घेऊन बापाच्या दोन एकरांवर बिनपगारी राबणाराही रोजगारात. श्रम संघटनेचा तोच अहवाल सांगतो की २०२२ मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. यावरून निरक्षर जास्त नोकरीलायक ठरतात असं कुणी म्हणणार नाही. निरक्षराला बेरोजगार राहणं परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रशिक्षणाचं काय झालं? कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळाचं परीक्षण महालेखापरीक्षकांनी केलं. प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ज्यांना काम लावून देणं अपेक्षित होतं, त्यांतल्या सुमारे ४१ टक्क्यांनाच काम लागल्याची नोंद निघाली. ते काम किती महिने टिकलं हा वेगळा प्रश्न. लाभार्थ्यांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्य किंवा निरर्थक होता. आणि हा नुसता आपल्या ढिसाळपणाचा दोष नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतले असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. शंभर जणांना प्रशिक्षण दिलं तर प्रशिक्षणामुळे जास्तीचं काम मिळालेले भरतात दोन-तीन.

इथं चतुर वाचक म्हणेल, प्रशिक्षण देणाऱ्याला पैसे काम टिकल्यावरच द्या, मग बघा. फ्रान्सनं ते करून पाहिलं. दीर्घकाळ बेकार असलेल्या शिकलेल्या तरुणांना काम मिळवून देणाऱ्या खासगी संस्थांना पैसे मिळायचे ते किमान सहा महिन्यांचा करार झाल्यावर, आणि तो मुलगा सहा महिने टिकला तर आणखी. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २३५ विभागांत त्याची काटेकोर तपासणी केली, निष्कर्ष २०१३ मध्ये छापले. ज्यांना मदत मिळाली त्यांना काम लवकर लागलं. पण बऱ्याच अंशी ते मदत न मिळालेल्यांच्या वाट्यातून लागलं, जिथं मुळात नोकऱ्या कमी तिथं जास्तच, आणि वर्षभरात तो फायदाही विरला. बसमध्ये जागा चाळीस असताना धक्काबुक्कीचं प्रशिक्षण दिलं तर बसणारे बदलतात, चाळीसाचे एक्केचाळीस होत नाहीत.

इथवर खंडन. मंडनासाठी मी वाचकाला एका माणसाकडे नेणार आहे, ज्याचं नाव कोणत्याही धोरणात येत नाही.

१९५९ च्या कायद्यानं रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं मालकांवर बंधनकारक केलं. ते कार्यालय आज 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' म्हणून ओळखलं जातं. पाटीवर कौशल्य आधी, रोजगार मागून. पण या जिल्ह्यात वर्षाला लाखांनी माणसं कामाला लावतो तो ऊसतोडीचा मुकादम. तो पावसाळ्यातच वाडी-तांड्यावर येतो. पोराची फी भरायची असते, लग्नाचं देणं असतं, बी-बियाण्याचे पैसे थकलेले असतात. मुकादम उचल देतो, वहीत नाव आणि आकडा लिहितो, सही नाहीतर अंगठा घेतो. न्यायला गाडी तो पाठवतो, फडाशेजारी कोपी घालायला जागा तो दाखवतो, टोळीत भाऊबंद आणि गाववालेच असतात. फेब्रुवारीत त्याला विचारा, अमुक जोडी कुठं आहे? कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात, किती टन तोडला, किती उचल फिटली, तो बसल्या जागी सांगेल. शून्यांनी भरलेल्या त्या सरकारी रकान्याशेजारी ही वही ठेवून बघा.

माझा गैरसमज करून घेऊ नका. ही वही म्हणजे बेडी आहे. हंगाम संपताना 'फिरलेली', म्हणजे न फिटता उरलेली, उचल पुढच्या वर्षाला बांधून घेते, पळून गेलेल्याच्या घरच्यांना डांबून ठेवल्याच्या बातम्या दर हंगामाला येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतला खाडाही परवडत नाही, असं ते काम आहे. रोजगार धोरणाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारतानं १९९८ मध्ये मान्यता दिली, रोजगार 'पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेनं निवडलेला' असावा असं म्हटलं आहे. मुकादमाचा रोजगार तिसऱ्या कसोटीवर सपशेल नापास होतो.

पण बेडी काढून ठेवली तर वहीत उरतं काय? आधी पैसे, न्यायची गाडी, राहायची सोय, ओळखीची टोळी आणि हंगामभराची खात्री. मुकादमाला ठाऊक आहे की माणसाला कामापर्यंत जाऊ देत नाही ती बहुतेकदा अकलेची नाही, हाताशी असलेल्या पैशाची कमतरता. सरकारची कौशल्य योजना यातलं जवळजवळ काहीच देत नाही. ती प्रमाणपत्र देते.

केजच्या आयटीआय झालेल्या मुलाला चाकणच्या कारखान्यात चौदा हजारांची नोकरी लागली असं धरा. पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. तोवर कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर अनामत आणि भाडं, खानावळीचे आगाऊ पैसे, सेफ्टी शूज, वैद्यकीय तपासणी, बसभाडं. दहा हजारांच्या खाली ते बसत नाही, आणि घरात ते असते तर तो एवढ्या लांब गेला नसता. मग पैसे निघतात व्याजानं. पहिला पगार व्याजवाल्याला, दुसरा खानावळीला. तिसऱ्या महिन्यात आजी आजारी पडते आणि मुलगा गावी येतो तो परत जात नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, मराठवाड्याची पोरं टिकत नाहीत. इथिओपियातल्या पाच कारखान्यांत याचाच अभ्यास झाला तेव्हा वर्षाच्या आत तीन चतुर्थांशांहून अधिक नव्या कामगारांनी काम सोडलं होतं. ते काही बीडचे नव्हते.

बांगलादेशात रंगपूरला आपल्यासारखाच रिकामा हंगाम असतो, त्याला 'मोंगा' म्हणतात. २००८ मध्ये तिथल्या गरीब कुटुंबांना शहरात कामाला जायच्या अटीवर बसभाड्याएवढे, साडेआठ डॉलर देण्यात आले. शंभरांतली बावीस कुटुंबं जास्तीची बाहेर पडली, घरचं खाणं सुधारलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरीच पुन्हा गेली. प्रशिक्षण शून्य. हेही सांगायला हवं की पुढं तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा तो फसला आणि २०१९ मध्ये बंद झाला. म्हणजे उचल हा जादूचा ताईत नाही. ती कोण, कुणाला, कशी देतो यावर सगळं असतं.

आणि उचल दिली तरी काम टिकाऊ नसेल तर? कामगाराला '२४० दिवस' हा शब्द कायदा न वाचताही पाठ असतो. वर्षात एवढे दिवस भरले की कायद्यानं काही हक्क येतात, म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक'. नाहीतर अकरा महिन्यांचा ठेका, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच मशीन, तोच मुलगा. यात खासगी मालकालाच नावं ठेवायची सोय नाही. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ ला आली. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने. मुदत संपताना पोरं रस्त्यावर आली, तेव्हा मुदत अकरा महिन्यांची झाली. पुन्हा संपली, पुन्हा मोर्चे. सरकारी कार्यालयांत त्यांनी खरी कामं केली, टपाल लावलं, नोंदी भरल्या, रिकाम्या खुर्च्यांवर बसले. काम होतं, करणारा होता, त्याला ते जमत होतं. मग कमी कोणत्या कौशल्याची होती?

केंद्राची विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ पासूनची, ९९,४४६ कोटींची, माझ्या मते या सगळ्यांत बरी आहे, कारण ती पहिल्यांदाच टिकण्याकडे बघते. नव्या कामगाराला १५,००० पर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत, सहा आणि बारा महिने भरल्यावर. मालकाला महिन्याला ३,००० पर्यंत. पण इथंही चूक दिशेचीच आहे. मुलाला पैशाची गरज असते पहिल्या आठवड्यात, हप्ता येतो सातव्या महिन्यात. मुकादम ही चूक करत नाही. पहिला हप्ता रुजू होण्याआधी, बिनव्याजी, परत न मागण्याच्या अटीवर मिळाला असता तर केजचा मुलगा व्याजवाल्याकडे गेला नसता. एकटा-दुकटा नेण्याऐवजी एका गावचे आठ-दहा एका कारखान्यात नेले तर आजी आजारी पडल्यावर एक जण गावी येईल, बाकीचे त्याची पाळी सांभाळतील. भविष्य निर्वाह निधीच्या खातेक्रमांकामुळे कोणता मुलगा चोविसाव्या महिन्यात कुठे आहे हे सरकारला आज कळू शकतं. तालुकावार तो आकडा दरवर्षी छापा. 'इतक्यांना प्रशिक्षण दिलं' हा आकडा छापणं थांबलं तरी चालेल.

आणि सगळ्यांना चाकणला नेऊन जिल्हा उठवता येत नाही. बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा गर काढून गोठवणारे कारखाने इथं किती उभे राहिले? १९९५ मध्ये मंजूर झालेली परळी रेल्वे बीडपर्यंत पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. ज्या वर्षी मंजुरी मिळाली त्या वर्षी जन्मलेला मुलगा स्टेशनवर गाडी बघायला गेला तेव्हा तिशीचा होता, म्हणजे काही भरत्यांची वयोमर्यादा संपत आलेला. त्यातच ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के, कमाल ३५ लाखांचं अनुदान आहे. यंत्राला माझा विरोध नाही, ते काम माणसानं करू नयेच. पण कोयता सुटेल तेव्हा हातात काय येणार, याचं उत्तर 'शिवणकाम आणि डेटा एन्ट्री' असेल तर मुकादमाचा धंदा अजून बरीच वर्षं चालेल.

शेवटचा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो: परत न मागता आगाऊ पैसे दिले तर पोरं घेऊन पळतील. काही पळतीलही. मुकादमाचीही उचल दरवर्षी थोडी बुडते, आणि तो तर सावकाराकडून काढून देतो. तो वहीतल्या त्या नावावर काट मारतो, आणि पुढच्या आषाढात पैसे घेऊन पुन्हा तांड्यावर हजर असतो.